नेट न्यूट्रॅलिटी : विविध देशांतील नियमन आणि त्याचे कायदेशीर आधार

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहरात अल्मन स्ट्रोजर नावाचा गृहस्थ अंत्यसंस्काराची व्यवस्था करून देण्याचा व्यवसाय करीत असे. टेलिफोन केंद्रावर बसणारी ऑपरेटर ही आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या घरातील असून आपल्यासाठी आलेले दूरध्वनी ती तिकडे जोडून देते, असा त्याला संशय होता, अशी कथा दूरसंचाराच्या इतिहासात सांगितली जाते. कथेतील तपशील किती खरे हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी १८९१ मध्ये स्ट्रोजरला स्वयंचलित टेलिफोन केंद्राचे एकस्व मिळाले ही गोष्ट नोंदलेली आहे. दोन माणसांच्या बोलण्यामध्ये जो तिसरा बसलेला असतो, त्याची मर्जी या यंत्राने काढून टाकली.

इंटरनेटच्या पहिल्या काही दशकांत असा तिसरा माणूस जवळजवळ नव्हताच. माहितीचे लहान लहान तुकडे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पोहोचविणे एवढेच जाळ्याचे काम होते. त्या तुकड्यांत पत्र आहे, गाणे आहे की एखाद्या महाविद्यालयाचे प्रश्नपत्रिकांचे संकेतस्थळ आहे, हे मधल्या यंत्रांना ठाऊक नसे. पुढे माहितीचे तुकडे वाटेत उघडून तपासण्याचे तंत्र स्वस्त झाले. कोणता मजकूर वेगाने सोडायचा, कोणता रेंगाळत ठेवायचा, कशासाठी ग्राहकाकडून जादा पैसे घ्यायचे आणि काय फुकट द्यायचे, हे सेवा पुरविणाऱ्या कंपनीला ठरविता येऊ लागले. थोडक्यात, ऑपरेटर परत आली. तिने निःपक्षपाती राहावे हा आग्रह म्हणजे नेट न्यूट्रॅलिटी, अर्थात आंतरजालाची तटस्थता. कोलंबिया विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांनी २००३ मधील आपल्या निबंधात ही संज्ञा रूढ केली.

या तत्त्वाला उघड विरोध करणारे फारच थोडे आहेत. दूरसंचार कंपन्यादेखील ‘खुल्या इंटरनेटला आमचा पाठिंबा आहे’ असेच म्हणतात. विविध देशांमधील फरक तत्त्वाच्या उच्चारात नसून ते कोणत्या कायदेशीर पायावर उभे केले आहे आणि ‘भेदभाव’ या शब्दात किंमतीचा भेद धरला आहे की नाही, या दोन मुद्द्यांत आहे. प्रस्तुत लेखात अमेरिका, युरोप, दक्षिण कोरिया आणि भारत येथील अनुभवांचा या दृष्टीने विचार केला आहे.

अमेरिका : एका वर्गीकरणाची वीस वर्षे

वाहकाने ग्राहकांत भेद करू नये, हे तत्त्व अमेरिकी कायद्याला नवे नाही. पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत तारायंत्राची वाहिनी टाकण्यासाठी १८६० मध्ये झालेल्या कायद्यात संदेश ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने, निःपक्षपातीपणे पाठविले जावेत अशी तरतूद होती. सरकारी संदेशांना तेवढे अग्रस्थान होते. १९३४ च्या दळणवळण कायद्याने टेलिफोन कंपन्यांना ‘सार्वजनिक वाहक’ ठरवून याच कर्तव्याने बांधले. इंटरनेटच्या बाबतीत प्रश्न निर्माण झाला तो १९९६ च्या सुधारणेने. त्या वर्षी कायद्यात दोन कप्पे केले गेले. ‘दूरसंचार सेवा’ ही सार्वजनिक वाहकाच्या कर्तव्यांनी बांधलेली, तर ‘माहिती सेवा’ जवळपास मोकळी. ब्रॉडबँड कोणत्या कप्प्यात बसते, हे काँग्रेसने स्पष्टपणे लिहिले नाही. अमेरिकेतील पुढचा सगळा वाद या मौनातून उद्भवला आहे.

फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या नियामक आयोगाने २००२ मध्ये केबलवरील इंटरनेटला ‘माहिती सेवा’ ठरविले. हा निर्णय सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००५ मध्ये ब्रँड एक्स खटल्यात बहुमताने टिकला. कायद्याची शब्दयोजना संदिग्ध असेल तर तज्ज्ञ आयोगाने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयाने मानावा, हे शेव्हरॉन खटल्यातील १९८४ चे सूत्र त्यामागे होते. न्यायमूर्ती स्कालिया यांनी मात्र भिन्नमतपत्रात खास आपल्या शैलीत प्रतिवाद केला. पिझ्झा विकणाऱ्या दुकानाला ‘घरपोच देता का’ असे विचारले असता, ‘नाही, आम्ही घरपोच सेवा देत नाही, पण तुम्ही पिझ्झा मागविला तर तो भाजून तुमच्या घरी आणून देतो’ असे उत्तर मिळावे, तसा हा युक्तिवाद आहे, अशा आशयाचे उदाहरण त्यांनी दिले. वहन आणि वाहिलेली वस्तू यांतील गोंधळ यापेक्षा सोप्या रीतीने क्वचितच कोणी मांडला असेल.

कप्पा मोकळा ठेवून तटस्थता मात्र राखायची, अशी कसरत आयोगाने पुढील दशकभर केली. २००५ मध्ये मॅडिसन रिव्हर या छोट्या टेलिफोन कंपनीने इंटरनेटवरून बोलण्याची व्होनेज ही सेवा अडविली, तेव्हा आयोगाने चौकशी केली आणि कंपनीने १५,००० डॉलर भरून प्रकरण मिटविले. २००७ मध्ये कॉमकास्ट ही मोठी केबल कंपनी बिटटॉरेंट या पद्धतीने होणारी फायलींची देवाणघेवाण गुपचूप तोडत असल्याचे उघडकीस आले. आयोगाने २००८ मध्ये तिला दोषी ठरविले. परंतु अशा आदेशाला कायद्यात आधार नाही असे सांगून कोलंबिया परिमंडळाच्या अपील न्यायालयाने एप्रिल २०१० मध्ये तो रद्द केला. डिसेंबर २०१० मध्ये आयोगाने रीतसर नियम केले. जानेवारी २०१४ मध्ये व्हेरायझन खटल्यात त्यांचाही गाभा निघून गेला. न्यायालयाचे म्हणणे सरळ होते. ज्यांना तुम्ही स्वतःच सार्वजनिक वाहक मानत नाही, त्यांच्यावर सार्वजनिक वाहकाची कर्तव्ये लादता येणार नाहीत.

मग कप्पाच बदलण्यात आला. सुमारे चाळीस लाख अभिप्राय आल्यानंतर आणि राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी जाहीरपणे भूमिका घेतल्यानंतर, २६ फेब्रुवारी २०१५ रोजी आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी ब्रॉडबँडला ‘दूरसंचार सेवा’ ठरविले. अडविणे, मंद करणे आणि पैसे घेऊन अग्रक्रम देणे, या तिन्ही गोष्टी निषिद्ध झाल्या, आणि २०१६ मध्ये अपील न्यायालयाने ते मान्यही केले. सत्तांतर झाले. अजित पै यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १४ डिसेंबर २०१७ रोजी, पुन्हा तीन विरुद्ध दोन मतांनीच, सेवा जुन्या कप्प्यात परत नेली. पुन्हा सत्तांतर झाले. एप्रिल २०२४ मध्ये ती नव्या कप्प्यात आली, मतविभागणी तीच. या प्रत्येक वेळी मूळ कायद्यातील एक अक्षरही बदलले नव्हते.

२०१७ च्या प्रक्रियेविषयी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. आयोगाकडे आलेल्या दोन कोटी वीस लाखांहून अधिक अभिप्रायांपैकी सुमारे एक कोटी ऐंशी लाख बनावट होते, असा निष्कर्ष न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात आहे. त्यांतील ८५ लाख ब्रॉडबँड उद्योगाने पैसा पुरविलेल्या मोहिमेतून आले होते, तर विरुद्ध बाजूचे ७७ लाख एकोणीस वर्षांच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने संगणकाच्या साहाय्याने एकट्याने निर्माण केले होते. लोकमताची मोजदाद करून कायद्याचा अर्थ ठरविण्याच्या पद्धतीवर यापेक्षा बोचरे भाष्य शोधूनही सापडणार नाही.

या झोक्याला अखेर थांबविले ते न्यायालयाने. जून २०२४ मध्ये लोपर ब्राइट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शेव्हरॉनचे सूत्रच मोडीत काढले; कायद्याचा अर्थ लावणे हे न्यायालयाचे काम, आयोगाचे नव्हे. त्याचा आधार घेऊन सहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी ब्रॉडबँड ही ‘माहिती सेवा’च असल्याचा निर्वाळा दिला आणि २०२४ चे नियम रद्द केले. आता आयोगावर कोणाचेही बहुमत असले तरी तो वर्गीकरण सहजासहजी बदलू शकत नाही. मात्र २०१७ च्या आदेशावरील मोझिला खटल्यात, २०१९ साली, राज्यांना स्वतंत्र कायदे करण्यापासून सरसकट रोखता येणार नाही असे ठरले होते. त्यामुळे कॅलिफोर्नियाचा २०१८ चा कायदा उभा आहे. तो रोखण्याचा उद्योगाचा प्रयत्न नवव्या परिमंडळाच्या न्यायालयात जानेवारी २०२२ मध्ये फसला. परिणामी लॉस एंजेलिस येथील ग्राहकाला जे संरक्षण आहे, ते अनेक राज्यांतील ग्राहकांना नाही.

विधिमंडळाचा मार्ग : चिली, नेदरलँड्स आणि युरोपीय संघ

तटस्थतेचा कायदा करणारा पहिला देश म्हणजे चिली. तेथील कायदा क्रमांक २०,४५३ ऑगस्ट २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर नेदरलँड्सचा क्रमांक लागतो, आणि तेथील निमित्त बोलके आहे. व्हॉट्सॲपसारख्या सेवांमुळे लघुसंदेशांचे उत्पन्न आटू लागले, तेव्हा केपीएन या प्रमुख दूरसंचार कंपनीने २०११ मध्ये अशा सेवांवर वेगळा आकार लावण्याचा बेत जाहीर केला. त्याचबरोबर ग्राहकांची माहिती वाटेत तपासून कोण काय वापरतो हे कंपनी पाहते, हेही बाहेर आले. जनमत खवळले. संसदेने २०१२ मध्ये कायदा संमत केला आणि तो १ जानेवारी २०१३ पासून लागू झाला.

युरोपीय संघाने २५ नोव्हेंबर २०१५ रोजी २०१५/२१२० हा विनियम स्वीकारला. ३० एप्रिल २०१६ पासून तो सर्व सदस्य राष्ट्रांत थेट अमलात आला. विधिमंडळाने केलेला असल्यामुळे त्याचा पाया अमेरिकेपेक्षा कितीतरी भक्कम होता. तथापि एका प्रश्नावर त्याची भाषा मोघम राहिली. एखादी सेवा वापरताना खर्च होणारा डेटा मोजायचाच नाही, या ‘झिरो रेटिंग’ पद्धतीला परवानगी आहे की नाही? वरवर पाहता यात काहीच अडविले जात नाही, कोणाचा वेग कमी होत नाही. ग्राहकाला उलट काहीतरी फुकट मिळते. पण महिन्याचा डेटा मोजून मापून वापरणाऱ्याच्या दृष्टीने ‘हे फुकट आणि ते पैशाने’ हाच सर्वात परिणामकारक अडसर होय. युरोपीय नियामकांच्या मंडळाने ऑगस्ट २०१६ मधील मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक प्रकरण वेगळे तपासावे, असा मध्यममार्ग काढला.

या मध्यममार्गाची किंमत डच लोकांनी मोजली. २०१६ मध्ये त्यांच्या संसदेने झिरो रेटिंगवर सरसकट बंदी घातली होती. एप्रिल २०१७ मध्ये रॉटरडॅमच्या न्यायालयाने ती युरोपीय विनियमाशी विसंगत ठरविली, म्हणजे सामाईक कायद्याने अधिक कडक राष्ट्रीय कायदा सैल केला. त्याच सुमारास जर्मनीत डॉइश टेलिकॉमची ‘स्ट्रीमऑन’ ही योजना सुरू झाली. निवडक संगीत आणि चित्रफिती तीत मोजल्या जात नसत, आणि तिच्या एका प्रकारात चित्रफितींचा दर्जा मुद्दाम उतरविला जाई. हंगेरीतील टेलेनॉरच्या योजनांत तर डेटा संपला की इतर सर्व सेवा अडविल्या वा मंदावल्या जात, ‘फुकट’ असलेल्या तेवढ्या चालू राहत. टेलेनॉर प्रकरणी युरोपीय न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२० रोजी अशी वागणूक अवैध ठरविली. २ सप्टेंबर २०२१ रोजी ते आणखी पुढे गेले. झिरो रेटिंगचा पर्याय मुळातच सर्व वाहतुकीला समान वागणूक देण्याच्या कर्तव्याशी विसंगत आहे, असे जर्मन प्रकरणांत त्याने सांगितले. त्यानुसार जर्मन नियामकाने एप्रिल २०२२ मध्ये या योजना गुंडाळण्याचा आदेश दिला आणि जुन्या ग्राहकांसाठी मार्च २०२३ पर्यंतची मुदत ठेवली. विनियम लागू झाल्यापासून त्याच्या एका कलमाचा अर्थ निश्चित होण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागला. तेवढ्या काळात बाजार ज्या सवयी लावतो त्या न्यायालयीन निकालाने एका दिवसात जात नाहीत.

ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर तेथे तोच विनियम देशी कायदा म्हणून राहिला. परंतु ऑफकॉम या नियामकाने ऑक्टोबर २०२३ मधील सुधारित मार्गदर्शनात बहुतेक झिरो रेटिंग योजनांना आणि अधिक दर्जाच्या महागड्या जोडण्यांना वाव दिला. ब्राझीलचे उदाहरण वेगळ्या कारणाने लक्षात घ्यावे लागते. तेथील ‘मार्को सिव्हिल’ हा २३ एप्रिल २०१४ चा कायदा इंटरनेट-नागरिकत्वाची सनद म्हणून गौरविला गेला, आणि त्याच्या नवव्या कलमात तटस्थता स्पष्ट शब्दांत आहे. तरीही व्हॉट्सॲप शून्य दराने देणाऱ्या मोबाइल योजना तेथे सर्रास चालू राहिल्या. कायदा संसदेचा असणे पुरेसे नसते; भेदभावात किंमत येते की नाही हे त्यात लिहिलेले असावे लागते.

दक्षिण कोरिया : वाटेचा हिशेब

आतापर्यंतचा विचार ग्राहक आणि त्याची सेवादार कंपनी यांच्यातील शेवटच्या टप्प्याचा होता. दक्षिण कोरियाने प्रश्न मागे नेला. एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात माहिती जाते त्या नाक्यावर पैसे कोणी द्यायचे? जगात बहुतेक ठिकाणी तुल्यबळ जाळी एकमेकांशी बिनपैशाने जोडलेली असतात. कोरियाने २०१६ मध्ये नियम बदलून, समान स्तरावरील सेवादारांनीही वाहतुकीच्या प्रमाणात परस्परांना मोबदला द्यावा असे ठरविले. हेतू हिशेबाच्या शिस्तीचा होता. परिणाम असा झाला की ज्या कंपनीच्या जाळ्यात लोकप्रिय मजकुराचा साठा ठेवलेला असे, तिलाच तो इतरांकडे पाठविल्याबद्दल भुर्दंड बसू लागला. साहजिकच तिने तो मजकूर पुरविणाऱ्याकडे वळविला.

फेसबुकने तेव्हा काही कोरियन ग्राहकांची जोडणी परदेशी मार्गाने वळविली आणि त्यांचा वेग घसरला. नियामकाने मार्च २०१८ मध्ये दंड केला, पण न्यायालयात फेसबुक जिंकले. नेटफ्लिक्स आणि एसके ब्रॉडबँड यांच्यातील वादात जून २०२१ मध्ये सोल येथील न्यायालयाने नेटफ्लिक्सचे म्हणणे फेटाळले. सप्टेंबर २०२३ मध्ये दोघांनी तडजोड केली. मोठ्या कंपन्या अशा तडजोडी करू शकतात. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या सेवेने मात्र आधी चित्राचा दर्जा उतरविला आणि इतर बहुतेक देशांच्या दहापट जाळेशुल्क द्यावे लागते असे कारण देऊन २७ फेब्रुवारी २०२४ रोजी देश सोडला.

हे उदाहरण दूरचे वाटेल. ते तसे नाही. ‘मोठ्या मजकूर-कंपन्यांनी जाळे उभारणीच्या खर्चात न्याय्य वाटा उचलावा’ ही मागणी युरोपातील मोठ्या दूरसंचार कंपन्यांनी २०२२ पासून लावून धरली, आणि भारतातील मोबाइल कंपन्यांची संघटनाही तीच मागणी करते. ग्राहक आपल्या जोडणीचे पैसे भरतो, मजकूर पुरविणारा आपल्या जोडणीचे भरतो. तिसऱ्यांदा पैसे कशाचे, हा साधा प्रश्न या मागणीच्या गदारोळात हरवतो.

भारत : आधी किंमत, मग वेग

भारतातील घटनाक्रम इतरांच्या उलट आहे. अन्यत्र आधी अडविणे आणि मंद करणे यांवर बंदी आली, किंमतीचा प्रश्न नंतर उद्भवला. भारताने किंमतीपासून सुरुवात केली.

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या संभाषणासाठी वेगळा आकार जाहीर केला आणि टीका होताच मागे घेतला. २७ मार्च २०१५ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, या विषयावरील चर्चापत्र प्रसिद्ध केले. तांत्रिक भाषेतील अशा पत्रांना एरवी मोजक्या संस्था उत्तरे देतात. या वेळी ‘सेव्ह द इंटरनेट’ या स्वयंसेवी मोहिमेमुळे दहा लाखांहून अधिक ईमेल आले. एप्रिलमध्ये एअरटेलची ‘एअरटेल झिरो’ योजना आली. तीत सहभागी होण्याच्या बोलण्यांतून फ्लिपकार्टने जनक्षोभानंतर अंग काढून घेतले.

महाराष्ट्राचा या वादाशी थेट संबंध आहे. फेसबुकची ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही सेवा फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने भारतात आली, तेव्हा आरंभीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होते. निवडक संकेतस्थळे डेटा न मोजता पाहता यावीत, असे तिचे स्वरूप होते. सप्टेंबर २०१५ मध्ये तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. डिसेंबर २०१५ च्या अखेरीस मार्क झुकरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात या योजनेचे समर्थन करताना महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचेच उदाहरण दिले होते. तो या सेवेवर पावसाचा अंदाज आणि शेतमालाचे भाव पाहतो, असे त्यांनी लिहिले. युक्तिवाद दुबळा नव्हता. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याला थोडे मिळत असेल तर ते नाकारणारे आपण कोण, हा प्रश्न शहरातील ब्रॉडबँडधारकांनी स्वतःला विचारणे आवश्यकच होते.

परंतु त्या ‘थोड्या’ची निवड कोण करणार, हे युक्तिवादात गाळलेले होते. बाजार समितीचे भाव देणारी दोन संकेतस्थळे असतील आणि त्यांतील एकच फुकट उघडत असेल, तर दुसरे अधिक अचूक असूनही शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाही. एखाद्या तालुक्याच्या गावातून चालविल्या जाणाऱ्या मराठी संकेतस्थळाला परदेशी कंपनीच्या तांत्रिक अटी पूर्ण करून तिच्या यादीत शिरावे लागणार. न शिरल्यास फुकट इंटरनेटवरील वाचकांच्या लेखी ते अस्तित्वातच नाही. ट्रायने नेमका हाच मुद्दा पकडला. बहुसंख्य भारतीय अजून इंटरनेटशी जोडलेले नसताना, प्रवेशाचे स्वरूप कंपन्यांना ठरवू देणे म्हणजे त्यांचा इंटरनेटचा अनुभवच कंपन्यांना घडवू देणे होय, अशा आशयाचे कारण विनियमाच्या स्पष्टीकरणात दिलेले आहे.

९ डिसेंबर २०१५ च्या दुसऱ्या चर्चापत्राला वीस लाखांहून अधिक प्रतिसाद आले, त्यांतील बहुसंख्य फेसबुकने आपल्या सदस्यांकडून एकाच साच्यात पाठविलेले. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांत नव्हती. सल्लामसलतीचे रूपांतर ओबडधोबड जनमतचाचणीत केले जात आहे, अशी कानउघाडणी ट्रायने फेसबुकला पत्राने केली. हाताने लिहिलेला एक मुद्देसूद अभिप्राय आणि बटण दाबून पाठविलेले लाखभर, यांत फरक करण्याचे धैर्य नियामकाने दाखविले, हे अमेरिकेतील २०१७ च्या प्रकाराशी ताडून पाहण्याजोगे आहे. २०१५ च्या वसंतातील मोहिमेचे ईमेलही बहुतांशी साच्यातलेच होते, हेही येथे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी अध्यक्ष राम सेवक शर्मा यांच्या कारकीर्दीत ट्रायने ‘डेटा सेवांच्या भेदभावकारक दरांस प्रतिबंध’ करणारा विनियम काढला. मजकुराच्या आधारे वेगळा दर आकारण्यास सरसकट मनाई, प्रतिदिनी ५०,००० आणि कमाल ५० लाख रुपये दंड, आपत्कालीन सेवांपुरता अपवाद. प्रत्येक योजना स्वतंत्रपणे तपासत बसण्याचा युरोपीय मार्ग ट्रायने जाणीवपूर्वक टाळला. अशा तपासण्यांत वेळ आणि वकील ज्याच्याकडे अधिक, तो जिंकतो. तीनच दिवसांनी फेसबुकने भारतातील फ्री बेसिक्स बंद केल्याचे जाहीर केले. युरोपीय न्यायालय २०२१ मध्ये ज्या निष्कर्षाला आले, तेथे ट्राय साडेपाच वर्षे आधी पोहोचली होती.

या यशाचे श्रेय वाटताना एक गल्लत केली जाते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर डेटा विलक्षण स्वस्त झाला, आणि ‘गरिबांना निवडक तरी मिळू द्या’ या युक्तिवादाची निकड ओसरली. डेटा स्वस्त झाला तो स्पर्धेमुळे, विनियमामुळे नव्हे. विनियमाने केले ते एवढेच की स्वस्त झालेला डेटा सर्वत्र सारखाच स्वस्त राहिला.

वेगाविषयीचे नियम नंतर आले. ट्रायने २८ नोव्हेंबर २०१७ रोजी शिफारशी केल्या. दूरसंचार विभागाने ३१ जुलै २०१८ रोजी त्या मान्य केल्या आणि सेवादारांच्या परवान्यांत अटी घातल्या. अडविणे, दर्जा उतरविणे, मंद करणे आणि प्राधान्याचा वेग देणे निषिद्ध झाले. दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या विशेष सेवा आणि मजकूर जवळ साठवून ठेवणारी वितरणजाळी यांना वगळले. म्हणजे भारतातील तटस्थतेचे दोन पाय आहेत, एक नियामकाचा विनियम आणि दुसरा परवान्यातील अट. दोन्ही संसदेच्या थेट कायद्याचे नाहीत. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमात नेट न्यूट्रॅलिटीचे स्वतंत्र कलम नाही. आणि त्याच अधिनियमाने परवान्याऐवजी प्राधिकारपत्राची नवी व्यवस्था आणली आहे. परवान्यातील अट नव्या व्यवस्थेत टिकायची असेल तर ती प्राधिकारपत्राच्या नियमांत शब्दशः उतरवावी लागते, आणि असे नियम शासन अधिसूचनेने करते. अमेरिकेत संदिग्ध कायद्यावर उभारलेल्या नियमांचे काय झाले, हे पाहता ही बाब केवळ मसुद्याच्या बारकाव्याची ठरत नाही.

शासन आणि तटस्थता

वरील सर्व नियम कंपनीला बांधतात. शासन स्वतःच जाळ्याच्या मध्यावर बसले तर काय, याचे उत्तर त्यांत नसते. चीनमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तेथे काय उघडावे हे ठरविण्याचा अधिकार राज्यसंस्थेने पहिल्यापासून आपल्याकडे ठेवला आहे. भारतात तो उद्भवतो, कारण येथे कंपन्यांवरील बंधने जगातील कडक बंधनांत गणली जातात.

ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमधील इंटरनेट बंद करण्यात आले. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनिश्चित काळाची बंदी अनुज्ञेय नाही, आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि निर्बंध प्रमाणशीर असले पाहिजेत, असे सांगितले. त्यानंतर प्रशासनाने इंटरनेट अंशतः सुरू केले ते एका यादीनुसार. यादीतील संकेतस्थळे तेवढी उघडतील, बाकीची नाहीत. सुरुवातीला यादीत १५३ संकेतस्थळे होती, काही दिवसांत ती ३०१ झाली. समाजमाध्यमांना मज्जाव होता आणि वेग टूजीचा होता. यादीची अंमलबजावणी करायची होती सेवादार कंपन्यांनी, ज्यांच्या परवान्यात दीड वर्षापूर्वीच मजकुरामजकुरात भेद न करण्याची अट घातली गेली होती. अटीचा भंग झाला असे म्हणता येत नाही. शासनाच्या कायदेशीर निर्देशांचे पालन हा अपवाद ट्रायच्या शिफारशींतच होता. फ्री बेसिक्सची यादी अमेरिकेतील एका कंपनीने केली होती आणि ती न स्वीकारण्याची मुभा ग्राहकाला होती. या यादीत तशी मुभा नव्हती.

ही पद्धत ४ मार्च २०२० रोजी मागे घेण्यात आली. फोरजी वेग मात्र संपूर्ण प्रदेशात ५ फेब्रुवारी २०२१ रोजीच परतला. मधल्या अकरा महिन्यांत देशभरातील महाविद्यालयांचे वर्ग टाळेबंदीमुळे इंटरनेटवर गेले होते. काश्मीर खोऱ्यातील बहुतेक प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना मोबाइलवर हे वर्ग टूजी जोडणीवरूनच चालवावे लागले.